अकरा माणसं जास्त

आमच्या आरोग्य केंद्राच्या फाटकावर एक काळा फळा आहे. रोज सकाळी साडेआठला त्यावर तीन ओळी लिहायच्या: काल किती जणांना लस दिली, नवे रुग्ण किती सापडले, आणि सोमवारपासून काय उघडणार. पहिल्या दोन ओळी कोणी वाचत नसे. लोक लांबूनच मान तिरकी करून तिसरी ओळ बघायचे आणि पुढे जायचे. चौदा महिने तिसरी ओळ एकच होती, ‘काही नाही’. शेवटी शेवटी मी ती पुसायचीही सोडली होती. वरच्या दोन पुसायच्या, खालची आहे तशी.

मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नोंदी सांभाळून निवृत्त झालो. अक्षर बरं आणि घरात अडवणारं कोणी नाही, एवढ्या लायकीवर मला केंद्रात बोलावलं. फळ्याखेरीज मागची मोठी खोली, एरवीचं गोदाम, माझ्याकडे होती. सुई टोचली की माणसाला तिथे तीस मिनिटं बसवायचं, घेरी येत नाही ना बघायचं, आणि सोडायचं. बावीस खुर्च्या, एक भिंतीवरचं घड्याळ, माझ्यापुढे वही. वहीत चार रकाने: नाव, पत्ता, आत, बाहेर.

तीस मिनिटांत माणूस कसा उलगडतो ते तिथे कळलं. पहिली दहा मिनिटं तो दंड चोळतो. पुढची दहा फोन चोळतो. शेवटच्या दहात शेजारच्या खुर्चीशी बोलायला लागतो, आणि नेमकी तेव्हा माझी हाक येते, “चला, झालं तुमचं.” मग तो असा बघतो, जणू मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. चौदा महिन्यांत परक्या माणसाजवळ बसायची परवानगी असलेली गावात एवढी एकच जागा होती, तीसुद्धा सुई खाल्ल्यावर.

त्या आठवड्यात तिसरी ओळ बदलली. दुकानं सोमवारी उघडणार होती, पण सगळी नाही. परवान्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांचा निदान एक डोस झाला असेल तरच. यादी शनिवारी दुपारी दोनला वर पाठवायची होती. केंद्राचा संगणक मंगळवारपासून रुसून बसला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोपा मार्ग काढला. माझ्या वहीतली नावं आणि परवान्यांवरची नावं ताडून बघायची, जुळली की त्या दुकानाचं नाव फळ्यावर चढवायचं. त्यांचा आवाज त्या दिवसांत पार बसला होता. त्या बोलत नसत, खुणा करत. मी खुणेनं हो म्हटलं.

आता कडक मावशीबद्दल सांगायला हवं. चौकातली लाँड्री तिची. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं उभी केलेली. पूर्वी तिच्या हातचा शर्ट टेबलावर ठेवला तर माणसाशिवाय ताठ उभा राहायचा, त्यावरून हे नाव, आणि स्वभावावरूनही कोणी हरकत घेतली नाही. सहा वर्षांपूर्वी सुनेनं दुकान हातात घेतलं आणि मावशीला “आता आराम करा” म्हणून घरी बसवलं. परवाना मात्र मावशीच्या आणि मुलाच्या नावावर राहिला. दुकान जी चालवते तिचं नाव कशावरच नव्हतं. मुलगा टाळेबंदीत घरोघर पार्सलं पोचवायला लागला होता आणि त्यानं पहिल्याच दिवशी टोचून घेतलं होतं.

सोमवारी मावशी सुनेबरोबर आली. सून डोस घेऊन बसली, तर ही शेजारच्या खुर्चीत. दुपारी शेजारणीला घेऊन आली. मंगळवारी घाबरट चांभाराला हाताला धरून आणलं. त्याला म्हणाली, एवढी टोचणी तर तू रोज स्वतःच्या बोटाला लावतोस. बुधवारी दोघी बहिणी, गुरुवारी पेपरवाला. ज्याला त्याला सुई होईपर्यंत धीर द्यायची आणि मग इथे येऊन तीस मिनिटं निवांत बसायची. पाण्याचा पेला पुढे करायची, कोणाची सून कशी, कोणाचा गुडघा कसा, सगळं चालायचं. सिस्टर म्हणायच्या, आपल्या पत्रकांनी जेवढे आले नाहीत तेवढे या बाईनं आणले. सिस्टरांचे पाय संध्याकाळी इतके सुजत की त्या चपला हातात घेऊन घरी जात. त्यामुळे मावशी त्यांना देवासारखी वाटायची.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर लाँड्रीचं नाव चढलं. सून आली, वाचलं, आणि तिथेच फाटकाला टेकून उभी राहिली. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पाठीवरचं ओझं खाली ठेवल्यावर माणूस आधी नुसता उभा राहतो, तसं. जागेच्या मालकानं तिला सांगून ठेवलं होतं की सोमवारी शटर वर गेलं तर ठीक, नाही तर जागा औषधाच्या दुकानाला. ते औषधवाले दोनदा येऊन भिंती मोजून गेले होते. ती तशीच दुकानाकडे गेली आणि दिवसभर शटर धूत बसली.

शुक्रवारी संध्याकाळी सिस्टरांनी रिकाम्या कुप्या मोजल्या. आठवड्याचे डोस दोनशे बारा. माझ्या वहीत माणसं दोनशे तेवीस.

एकतीस वर्षांत माझ्या वहीत फरक आला तो एकदाच, आणि तोही उंदरानं पान खाल्लं म्हणून. मी घरी जाऊन वही पहिल्यापासून वाचली. अकरा माणसं जास्त. ती सापडायला फार वेळ लागला नाही, कारण ती अकरा नव्हतीच. एकच नाव, एकच पत्ता, पाच दिवसांत अकरा वेळा आत, अकरा वेळा बाहेर. खोलीत जो येईल त्याचं नाव विचारायचं आणि लिहायचं, एवढंच मी केलं होतं. सुई झाली का, हे विचारायचं काम माझं नाही असं मी धरून चाललो होतो. कडक मावशीला मी अकरा वेळा लस दिली होती, आणि सुईनं तिला एकदाही शिवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना वही दाखवली. त्यांनी डोळे मिटले, मग घड्याळाकडे बोट केलं आणि दोन बोटं दाखवली. दोनपर्यंत काय ते करा. मी बाहेर गेलो आणि फळ्यावरून लाँड्री पुसली. तेवढ्या जागेचा फळा बाकीच्यापेक्षा जास्त काळा दिसायला लागला, कुठूनही नजरेत भरेल असा.

मावशी साडेबाराला आली, एका रिक्षावाल्याला घेऊन. तो आत गेला, ही माझ्या खोलीत. फळा वाचूनच आली होती, पण चेहऱ्यावर काही नाही. मी नाव लिहिलं नाही. पेन खाली ठेवून म्हटलं, मावशी, तुम्ही लस घेतलेली नाही.

“मी घेतली असं कधी म्हटलं, वहीवाले? तुम्ही नाव विचारलंत, मी सांगितलं.”

खरंच, तिनं एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. खोटं होतं ते माझ्या सुवाच्य अक्षरातलं. मी विचारलं, घाबरता का? ती हसली. तीन बाळंतपणं आणि चाळीस वर्षं कोळशाची इस्त्री झालेल्या बाईला हे विचारणं बावळटपणाच होता. मग तिनं कारणं सांगितली. आधी रक्तदाब. मग डावा खांदा धरलाय. उजवा दिला तर पोळ्या कोण लाटणार? मी कारणं मनात मांडत गेलो. चौथ्याला ती स्वतःच कंटाळली. रिक्षावाला टोचून घेऊन आला आणि कोपऱ्यात दंड चोळत बसला.

तेवढ्यात सून आली. हात कोपरापर्यंत ओले, पदराला गंज लागलेला. दुकानातून धावत आली होती, कारण कोणीतरी तिला फळ्याचं सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी वही तिच्यापुढे केली. अकराही ठिकाणी बोट ठेवत तिनं वाचलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण भांडायलाही अंगात काही लागतं. ती सासूपासून एक खुर्ची सोडून बसली.

मग मावशी घड्याळाकडे बघत म्हणाली, “चौदा महिने घरात भांड्यांचा आवाज होता. तू चिडायचीस, पोरगा फोनवर ओरडायचा, पण आवाज होता. त्याआधीची पाच वर्षं मी दाराची बेल वाजते का ते ऐकत बसायचे. सोमवारी शटर वर गेलं की परत तेच. आठला जाल, रात्री नऊला याल.”

मला वाटलं, आता सून म्हणेल की लवकर येऊ, रविवारी घरी राहू, तुम्हाला फोन करत जाऊ, जे सगळे म्हणतात ते. मावशीलाही तेच वाटलं असावं, कारण तिनं तोंड आधीच दुसरीकडे वळवलं होतं.

“आई, दुकानात त्रेचाळीस गठ्ठे पडलेत,” सून म्हणाली.

मावशीनं मान वळवली नाही. सून पुढे जे बोलली ते ओढून काढल्यासारखं, तुटक तुटक. टाळं लागलं तेव्हाचे गिऱ्हाइकांचे कपडे तसेच आत आहेत. प्रत्येक गठ्ठ्याला तिनं छापील चिठ्ठी लावली होती. मावशीची पद्धत जुनाट म्हणून मोडून तिनंच ती सुरू केली होती. वर्षभराच्या ओलीनं चिठ्ठ्यांवरची शाई पार उतरली. कोणाचा गठ्ठा कुठला, काही कळत नाही. पण जुन्या गिऱ्हाइकांच्या कॉलरच्या आत मावशीच्या दोऱ्याच्या खुणा अजून आहेत. दोन टाके आणि एक आडवा. तीन टाके, एक गाठ. त्या खुणा जगात एकाच माणसाला वाचता येतात.

“महिनाभर रोज जाऊन बघतेय,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारायचं म्हणजे... मीच बंद केलं होतं ना ते.”

“दोन टाके आणि एक आडवा म्हणजे मास्तर,” मावशी भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. “शाळेच्या मागचे.”

“मास्तर गेले.”

“मुलगी आहे त्यांची. तिला द्यायचा.” थोड्या वेळानं म्हणाली, “तीन टाके, गाठ?”

“सहा शर्ट आहेत.”

“तो बँकेतला ढेरपोट्या. आता बसायचे नाहीत त्याला.”

सून हसली नाही, पण तिच्या खांद्यांचा ताठा उतरला. मग म्हणाली की सोमवारपासून सकाळी आठला माझ्याबरोबर निघायचं. खुर्ची काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवीन. पण गिऱ्हाइकासमोर माझ्या इस्त्रीला नावं ठेवायची नाहीत.

“इस्त्री नीट असली तर नाही ठेवणार,” मावशी म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

एक वाजून पस्तीस झाले होते. कुपीत शेवटचे दोन डोस होते आणि सिस्टर ती पुढ्यात ठेवून, कोणी येतंय का बघत, हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. मावशीनं डावा हात पुढे केला. धरलेल्या खांद्याचं काय झालं, असं मी विचारलं नाही. सुई गेली तेव्हा ती सिस्टरांना सांगत होती की ही सूज अशी जाणार नाही, कोमट पाण्यात पाय सोडून बसत जा. सिस्टरांनी नुसती मान हलवली. कोमट पाणी करायलाही कोणीतरी उभं राहावं लागतं.

मी वहीत लिहिलं: नाव, पत्ता, आत एक चाळीस. बारावी खेप. पुढे ‘डोस झाला’ असा पाचवा रकाना मी सकाळीच आखला होता, त्यात बरोबरची खूण केली. जुन्या अकरा ओळींवर पट्टी ठेवून रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेशी सही केली. मग बाहेर जाऊन काळ्या जागेत लाँड्री पुन्हा लिहिली. दोनला पाच कमी असताना डॉक्टरीणबाईंनी यादी वर पाठवली आणि टेबलावर डोकं टेकलं.

दोन दहाला मी हाक मारायला वळलो. सून आता आपली खुर्ची सोडून मधल्या खुर्चीत आली होती आणि तोंड उघडं टाकून झोपली होती. डोकं सासूच्या उजव्या खांद्यावर. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि टोचलेल्या हाताचं एक बोट वर केलं. एवढंच. रिक्षावाला केव्हाच निघून गेला होता. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि वीस खुर्च्या रिकाम्या. मला सगळ्या पुसून रचायच्या होत्या, सोमवारपासून ही खोली परत गोदाम होणार होती.

मी वीस खुर्च्या पुसल्या, एकात एक घालून भिंतीला लावल्या. मावशीच्या ओळीत ‘बाहेर’चा रकाना कोरा ठेवला. सुनेचं नाव आज लिहिलं नाही. तेवढं शहाणपण मला या आठवड्यात आलं होतं.