दारातली आडवी काठी

सरका जरा इकडं, चहा ओता, म्हाताऱ्या पांगची गोष्ट सांगतो. फार लांबवत नाही.

आमच्याकडं, चीनच्या शानतुंग प्रांतात, वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावाबाहेर जाऊन उदबत्ती लावतात आणि घरच्या गेलेल्या माणसांना हाक मारून घरी आणतात. ती आत आली की उंबऱ्यालगत काठी आडवी टाकायची. मग परकी भुतं आत येत नाहीत आणि आपली माणसं बाहेर जात नाहीत. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप द्यायचा, काठी उचलायची. तोवर लग्न झालेल्या लेकीनं माहेरात पाऊल टाकायचं नाही.

पांगची बायको शिउझी सुगीत गेली. यंदा पहिल्यांदाच त्यानं तिला हाका मारून आणलं. तिच्या खुर्चीपुढं वाडगा मांडला, दोन दिवस तिच्याशी बोलत बसला. सुगीपासून तो कुणाशी एवढं बोललाच नव्हता. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीनं काठ्या उचलल्या. पांगनं नाही उचलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारची चुई डोकावली. "भावजी, गल्लीतली सगळी मेलेली माणसं गेली. तुमचीच तेवढी पाहुणचार झोडतायत व्हय?"

"तू तुझं घर बघ. ती सावकाश जेवते."

तेवढ्यात लेक आली, हुइपिंग, दोन बस बदलून. काठी बघून उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाबा, काठी."

"ये ओलांडून. बघतंय कोण?"

"आई बघेल की. लग्नानंतर एकदा मी काठी उचलायच्या आदल्या दिवशी आले, तर तिनं मला चुईकाकूकडं झोपवलं होतं. उचला ना."

"उचलली की ती जाईल," पांग खाली बघत म्हणाला. "बाहेर थंडी केवढी आहे. आणि तिला वाटा कुठं कळतात, बाजारातसुद्धा हरवायची."

हुइपिंग हसली, मग तिनं डोळे पुसले. त्यानं स्टूल बाहेर दिलं आणि आपण आत बसला. उंबऱ्यावरून कोबीच्या उकडलेल्या करंज्यांचा वाडगा दिला. दारामागच्या आडभिंतीमुळं तिला आईची खुर्चीही दिसत नव्हती. वाऱ्यात बसून तिनं गार करंज्या खाल्ल्या आणि एकच्या बसला निघाली.

पांग रिकामा वाडगा घेऊन आत गेला. शिउझीचा वाडगा तसाच भरलेला. करंज्या एकमेकींना चिकटून सुकल्या होत्या. त्यानं एक बोटानं दाबून पाहिली. मग दारात आला आणि वाकून काठी उचलली.

"जा बाई," तो म्हणाला, "पोरगी आत्ताच गेलीय. तिच्या मागनं जा, म्हणजे हरवणार नाहीस."

मग तोही फाट्यापर्यंत गेला. बस गेली होती.

तर त्या बाजूला कधी गेलात, तर त्याच्या दारात आता काठी नाही. उंबरा उंच आहे, त्यावर पाय देऊ नका, ओलांडून आत जा. आणि घटकाभर बसा त्याच्यापाशी.