पोटातलं पाणी

नळीवरचा चिमटा निळाच होता. दर वेळी निळाच असतो, तरी आज बोटांत धरून ती उगाचच त्याचे दात न्याहाळत राहिली... आणि बाबांच्या पोटातून नळीवाटे उतरणारं पिवळसर पाणी जमिनीवरच्या पिशवीत सावकाश भरत राहिलं. मूत्रपिंडांनी हात टेकल्यापासून दिवसातून चार वेळा हेच — वापरलेलं पाणी बाहेर, स्वच्छ आत. आणि मागे उरणार पिशव्या, नळ्या, टोपणं.

"पूर्वी लोक म्हणायचे, काही झालं तरी ह्याच्या पोटातलं पाणी हलत नाही," बाबा म्हणाले. "आता चार-चार वेळा हलवावं लागतं."

ती हसली. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलेला माणूस. पाण्यावरचे विनोद त्यांना कधी कमी पडले नव्हते.

फेकलेल्या प्लॅस्टिकची शिल्पं करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आपण घटकाभर वापरतो ते आपल्यामागे शतकं उरतं, असं ती भाषणांत सांगायची, टाळ्या पडायच्या. बाबांनी बाजारातून साधी पिशवी आणली तरी ती डाफरायची — आणि आता घरात खोक्यांवर खोके येत होते, एखादा खोका यायला उशीर झाला की तिचाच जीव टांगणीला लागत होता. मग तिने रिकाम्या पिशव्या ठेवायला सुरुवात केली. धुवून, वाळवून, इस्त्रीच्या कडेने एकमेकींना चिकटवून. मागच्या खोलीत त्यांची भिंत चढू लागली. बाबांना विचारलं होतं तिने. 'ठेवू का मी ह्या?' एवढंच. 'ठेव की, मला काय करायच्यात!' हे विचारणं झालं का?

दुपारी आर्ट गॅलरीची बाई आली. खिडकीतल्या उन्हाने भिंत आतून पेटल्यासारखी दिसत होती.

"सुरेख. पण हे छताला भिडायला हवं गं. किती दिवस लागतील अजून?"

"चार महिने," ती म्हणून गेली.

चटकन म्हणून गेली. म्हणजे हिशेब तयारच होता, आणि कधीपासून तयार होता तेही तिला ठाऊक होतं. 'वर्षभर निघेल कदाचित,' असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती — आणि रडता रडता, कुठेतरी खोल, एक शब्द उमटला होता: पुरेल.

बाईला निरोप देऊन ती परतली तर बाबा भिंतीपाशी उभे. आधाराला दाराची चौकट धरलेली.

"एवढं सगळं माझ्यातून गेलं?"

"हं."

त्यांनी तळवा टेकवला, तलावाचं पाणी किती गार आहे ते बघावं तसा.

"प्लॅस्टिकच्या नावाने बोटं मोडायचीस तू."

"अजूनही मोडते."

"म्हणजे आता माझ्याही?"

"तसं नाही, बाबा..." कसं मग?

त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "तिथपर्यंत न्यायचंय ना? ऐकलं मी. बघू, जमेल तेवढं करतो."

आवाजात टोमणा नव्हता. खोल पाण्यात घाबरलेल्या पोराला, हे काय, कठडा आलाच, असं सांगताना लागायचा तोच सूर. टोमणा असता तर बरं झालं असतं; तिला रडता आलं असतं, माफी मागता आली असती.

संध्याकाळी तिने कोमट केलेली नवी पिशवी खुंटीला अडकवली. चार महिने कशाला, वर्षं जाऊ देत... छत फोडून वर जाऊ दे ती भिंत, असं अचानक मनात आलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. भिंत जितकी उंच, तितके बाबा — पण हे मागतंय कोण? लेक? की ती दुसरी, इस्त्री हातात धरून बसलेली? तिने दोघींना वेगळं करून पाहिलं. होईनात.

"गार नाही ना लागत?"

"छान वाटतंय," बाबा डोळे मिटून म्हणाले.

पाणी आत जात होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. नुसतं चेहऱ्याकडे, पिशवीकडे नाही, असं स्वतःला बजावत. आणि बजावावं लागतंय, हे कळत असताना.