नवीन इंजिन, पुढे जा

बन्सी मिस्त्रीने जीपचं इंजिन उतरवून अंगणातल्या फरशीवर उघडं करून ठेवलं आणि आई-लेकाचा वाद पुन्हा सुरू झाला.

"मम्मी, तयार डिझेल इंजिन मिळतंय," जोएल म्हणाला. "ते बसवलं की मी गाडी थेट पुण्याला नेतो." वडिलांची ही जुनी फोर व्हील जीप त्याला मित्रांबरोबर डोंगरात, चिखलात हिंडवायची होती.

"जीप माझ्या नावावर आहे," एलिझाबेथ म्हणाली. "हेच इंजिन लेथवर आतून कातून रिबोअर करायचं असेल तर कर. नाहीतर कोंबड्या बसतच आहेत तिच्यात."

बन्सी सिलिंडरच्या आतून बोट फिरवत होता. वरच्या बाजूला नख अडेल अशी कड पडली होती. "सिस्टरबाई, लई घासलंय. आन याच्या आदी दोनदा बोअर झालाय. भिंती पातळ झाल्यात. लेथवाल्यानं न्हाई म्हनलं तर ब्लॉक भंगारात." पाथर्डीच्या दवाखान्यात ती नर्स होती, तेव्हापासून तो तिला सिस्टरबाईच म्हणत आला होता.

"तो नाही म्हणाला तर डिझेल इंजिन," जोएलने बजावलं. तिला मान हलवावीच लागली.

नगरला सावेडीच्या बंगल्यात एकटी राहणाऱ्या या बाईला या वयात जीपचं काय करायचं होतं? गुडघे चढू देत नव्हते. तिला हवे होते ते रिबोअरनंतरचे दिवस.

लग्न होऊन ती श्रीरामपूरहून आली, तेव्हा जॉर्ज दवाखान्याची हीच जीप चालवायचा. नवरा-बायकोची नीट ओळखही नव्हती. तो अबोल, ती लाजरी. त्यातच इंजिन रिबोअर झालं. नव्या पिस्टनांना नव्या भिंतींची सवय होईपर्यंत गाडी दामटायची नाही, चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, अशी मिस्त्रीची ताकीद. मग रोज नगरहून औषधं घेऊन पाथर्डीला जाताना बैलगाडीने जावं तसं जायचं. जॉर्जने एका पत्र्यावर रंगवून पाटी मागे टांगली होती, 'नवीन इंजिन, पुढे जा'. एसटी भोंगा वाजवत पुढे जायची, मालट्रक पुढे जायचे, सायकलवाला पोरगासुद्धा वाकुल्या दाखवत पुढे जायचा. गाडीत दोघंच. किती वेळ रस्त्याकडे बघणार? करंजी घाटाच्या पायथ्याशी जॉर्जने पहिल्यांदा विचारलं, "तुला वांगी आवडत नाहीत का? डब्यात नेहमी उरतात." तिथून त्यांचा संसार सुरू झाला, असं ती आजही मानत होती. इंजिन मोकळं झालं तरी पाटी कितीतरी दिवस मागे तशीच होती. दवाखान्याचे डॉक्टर ओरडले तेव्हा कुठे निघाली. पुढे दवाखान्याने जीप विकायला काढली, तेव्हा जॉर्जने ती तिच्या नावावर घेतली.

आणि आता जोएल. बाप गेल्यापासून पुण्याहून शनिवारी संध्याकाळी यायचा, रविवारी चर्च सुटलं की निघायचा. मध्ये नुसता फोन कानाला. आईशी बोलणं म्हणजे 'गोळ्या घेतल्यास का?'

लेथवर चारांपैकी तीन सिलिंडर निभावले. चौथा पातळ निघाला. पण लेथवाल्याने त्यात स्लीव्ह ठोकायची तयारी दाखवली, म्हणजे जुन्या भिंतीच्या आत लोखंडाची नवी नळी. ती बसली. इंजिन जुळलं, जीप धडधडली, कोंबड्या कुंपणापर्यंत पळाल्या.

जोएल चावी घेऊन उडी मारून बसला, तसा बन्सी आडवा आला. "भाऊ, इंजिन टाईट हाय. चाळीसच्या वर न्यायची न्हाई. पुन्याबिन्याचं नाव काढू नका."

"म्हणजे मी करू काय हिचं?"

"मला पाथर्डीला ने," एलिझाबेथ म्हणाली. पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून इतकी वर्षं पडलेली पाटी तिने आधीच धुऊन ठेवली होती.

इंजिन लवकर मोकळं व्हावं म्हणून जोएल आता शनिवारी सकाळीच यायला लागला. पहिल्या शनिवारी तो चिडचिडला. "मम्मी, ट्रॅक्टर पुढे गेला!" दुसऱ्या शनिवारी घाटात रेंज गेली आणि त्याने फोन खिशात टाकला. सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका मागे पडल्या, तेव्हा समोरच बघत तो म्हणाला, "पप्पांच्या चपला अजून दारात असतात. आत आलो की त्याच दिसतात. म्हणून इथे थांबवत नाही मला."

"मला वाटलं, तुझा साहेब सोडत नाही."

"साहेब बिचारा सुट्टी घे म्हणतो."

ती हसली, मग पदराने डोळे टिपले. त्या रात्री चपला तिने आपल्या पलंगाखाली नेल्या.

असे बरेच शनिवार गेले. एका सकाळी बन्सी अंडी न्यायला आला आणि चालू जीपपाशी कान देऊन उभा राहिला. "मोकळं झालं की इंजिन!"

एलिझाबेथने घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बन्सी, जोएलजवळ एवढ्यात काही बोलू नकोस."

"आता काय बोलायचं र्‍हायलं, सिस्टरबाई? मागंच सांगितलंय त्यांना फोनवर. पाटी काढा म्हनलं, पळवा आता."

तेवढ्यात जोएल पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. आईला हात देऊन त्याने वर चढवलं. भिंगार मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. मागून एसटीने भोंगा दिला. जोएलने हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली. काटा चाळीसवर होता.

"मम्मी," तो म्हणाला, "पप्पांनी तुला पहिल्यांदा काय विचारलं होतं म्हणालीस?"