ठकूची वाकडी वाटी

तो नळ जरा बंद करा, म्हणजे माझं बोलणं ऐकू येईल. मी कपकेकचा ट्रे बोलतोय. हो, हाच, सिंकच्या कडेला उपडा ठेवलेला. अंगावरचे डाग बघून नाक मुरडू नका. ओव्हनच्या पोटात इतके उन्हाळे काढले असते तर तुमचाही रंग असाच झाला असता.

एका कारखान्यात एका दणक्यात माझा जन्म झाला. सपाट पत्रा होतो, यंत्र खाली आलं आणि अंगावर बारा वाट्या उमटल्या. सगळ्या सारख्या. दुकानातल्या फळीवर आम्ही एकावर एक बसून होतो, तिथून ठकूच्या मावशीनं मला घरी आणलं.

मावशी म्हणजे या घराचा कणा. दर उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली की सगळी भावंडं, त्यांची मुलंबाळं तिच्याकडे जमतात. मागच्या अंगणात टेबलं मांडायची, झाडाखाली चटया टाकायच्या, आणि मधोमध माझे कपकेक. आत फळांचा गर, वर क्रीमचा डोंगर. लोक गप्पा मारायला येतो म्हणतात, पण ताट बाहेर आलं की गप्पा कुठल्या कुठे पळतात. मी खिडकीतून सगळं बघत असतो.

माझ्या कोपऱ्यातली वाटी वाकडी कशी झाली, ते आधी सांगतो. एका उन्हाळ्यात पीच छान आले होते, म्हणून मावशीनं पीचचा गर भरला. ठकू, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिनं अर्धा कपकेक खाल्ला आणि खोकायला लागली. ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाची शिट्टी वाजू लागली. ठकूची आई मला हातात धरून दारातून बाहेर येत होती. तिनं लेकीकडे पाहिलं आणि हातातलं टाकून धावली. मी पायरीच्या काठावर आपटलो.

पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, "पीचशी तिचं जन्माचं वैर आहे. या वेळी वेळेत पोचलात. दरवेळी एवढा वेळ मिळेल, या भरवशावर राहू नका." तेव्हापासून ठकूच्या आईच्या पर्समध्ये एक इंजेक्शन असतं. आणि माझ्या कोपऱ्यात पोचा.

पुढच्या वर्षी मावशीनं ठकूसाठी वेगळ्या भांड्यात केळ्याचा केक केला. ठकूनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मला वेगळं का? मला सगळ्यांचं पाहिजे," म्हणून तिनं अंगण डोक्यावर घेतलं. पीचच आणू नयेत, असं तेव्हा कोणाला का सुचलं नाही, कोण जाणे. माणसांना आवडीची वस्तू सोडणं सगळ्यात शेवटी सुचतं.

मग मावशीनं युक्ती काढली. माझ्या वाकड्या वाटीतला केक एका बाजूला कलतो, खांद्यावर मान टाकून झोपलेल्या मुलासारखा. तो ठकूचा. मला हातात घेतलं की मावशी उजव्या अंगठ्यानं पोचा चाचपायची, तो कोपरा आपल्याकडे करायची आणि सगळ्यात आधी, पीचचा डबा उघडायच्याही आधी, त्यात केळ्याचा गर भरायची. एकाच ट्रेमधला, सगळ्यांच्यातला, पण तिचा. ठकूला तर तो मानच वाटायचा. ताट आलं की ती कललेला केक शोधायची, उंच धरून ओरडायची, "आई, माझा वाकडा!" आई लांबूनच मान डोलवायची. मग ठकू आधी वरचं क्रीम चाटूनपुसून साफ करायची आणि नंतर केकला तोंड लावायची.

मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू! घरातल्या सगळ्या भांड्यांत पोचा आलेला मी एकटा, आणि सगळ्यात कामाचा मीच. माझ्या मिजाशीला पारावार नव्हता.

यंदा घरात जावई आला. मावशीच्या लेकीचा नवरा, स्वभावानं लाख माणूस. काम गॅरेजमध्ये, ठोकर लागलेल्या गाड्यांचे पोचे काढण्याचं. पोचा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो मदतीला आला, मला पुसायला घेतलं आणि चुकचुकला. "काय हाल केलेत बिचाऱ्याचे!" असं म्हणून त्यानं गाडीतून हातोडी आणि लाकडाचा ठोकळा आणला. मला ओरडावंसं वाटलं. पण पत्र्याला ओरडता येत नाही, फक्त वाजता येतं. मी प्रत्येक ठोक्याला जिवाच्या आकांतानं वाजलो. त्याला वाटलं, काम छान चाललंय.

सासूबाईंना आपणहून कळेल, मग खूश होतील, असं म्हणून तो गप्प बसला. ठकूच्या पीचबद्दल त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी पाहुणे येऊ लागले तरी ओव्हन रिकामाच होता. जावयानं मला लोणी फासून वर मैदा भुरभुरला आणि मावशीपुढे धरून उभा राहिला. मी आतून बाहेरून पांढराफटक. जावयानं धरलं होतं म्हणून मावशीला मला हात लावावाच लागला नाही. तिचं निम्मं लक्ष फाटकाकडे. सवयीनं तिनं जवळच्या उजव्या कोपऱ्यात केळ्याचा गर घातला आणि पाहुण्यांना घ्यायला पळाली. जावई बर्फ आणायला गेला. बाकीच्या वाट्यांत ठकूच्या आईनं पीच भरले.

"ताई, ठकूचं भरलंस ना?" तिनं ओरडून विचारलं.

"भरलं गं, पहिलं तेच भरलं!"

मावशी खोटं बोलत नव्हती. म्हणून तर माझं धाबं दणाणलं. ओव्हनमध्ये मला फिरवून ठेवलं, बाहेर काढल्यावर जावयानं मला फडक्यावर उपडं केलं आणि सगळे केक इकडेतिकडे घरंगळले. सारखेच्या सारखे, कारखान्यातून आल्यासारखे. जावयानं आणि त्याच्या बायकोनं हसतखेळत त्यांच्यावर क्रीम चढवलं. कुठल्या केकमध्ये केळं आहे, ते आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि एका घटकेनंतर मलाही कळेना.

"ठकूचा वेगळा काढून ठेवलास का?" ताट बाहेर जाताना ठकूच्या आईनं विचारलं.

"कशाला काढायचा? वाकडा तो, दिसेलच तिला," मावशी म्हणाली.

मला सिंकमध्ये टाकलं गेलं. समोर खिडकी, खिडकीबाहेर अंगण. ताट टेबलावर ठेवलं होतं आणि ऊन मी म्हणत होतं. ठकू टेबलाभोवती फिरत प्रत्येक केक निरखून बघत होती. मी मनात म्हणत होतो, बाळे, नाही आहे तो. जा, खेळायला जा. कोणाला तरी विचार.

तेवढ्यात उन्हानं एका केकवरचं क्रीम वितळलं आणि एका बाजूला घसरलं. केक कलल्यासारखा दिसू लागला. ठकूचा चेहरा फुलला. तिनं तो उचलला, उंच धरला. "आई, माझा वाकडा!"

आईनं लांबूनच मान डोलवली.

ठकू क्रीम चाटू लागली. त्याच वेळी मावशी आत आली आणि बोलता बोलता मला घासायला घेतलं. तिचा अंगठा कोपऱ्यावर फिरला आणि थांबला. दुसऱ्या कोपऱ्यावर फिरला. तिनं मला उलटं केलं, सुलटं केलं. "पोचा कुठे गेला?" ती स्वतःशीच पुटपुटली.

दारातून जावई आला, तोंडात शेवटचा घास. "सासूबाई, केळ्याचा गर काय झकास झालाय! आणि पोचा मी काल काढून टाकला. आत्ता लक्षात आलं होय तुमच्या?"

मावशीचा चेहरा मैदा भुरभुरलेल्या माझ्यासारखाच पांढरा पडला. तिनं खिडकीतून पाहिलं. ठकूचं क्रीम चाटून झालं होतं. तिनं केक तोंडाकडे नेला.

मावशीनं मला सोडलं, मी सिंकमध्ये आदळलो. ती कशी धावली, मला दिसलं नाही. दिसला तो फक्त तिचा साबणानं माखलेला हात, ठकूच्या हातावर जोरात बसलेला. केक फरशीवर पडून फुटला. ठकूनं भोकाड पसरलं. "अगं ताई, पोरीला मारतेस काय!" म्हणत तिची आई चिडून पुढे आली आणि फरशीकडे पाहून जागच्या जागी थिजली. फुटलेल्या केकमध्ये पीचचा केशरी गर होता.

त्यानंतर अंगणात कोणी हसलं नाही. आईनं ठकूचं तोंड धुतलं, तिला मांडीवर घेतलं आणि इंजेक्शन हातात धरून तिच्या ओठांकडे बघत बसली. फाटकाशी गाडी दवाखान्यात न्यायला तयार ठेवली होती. ठकू एकदा खोकली तर सगळे उभे राहिले. रडून घसा बसलाय म्हणून खोकले, असं तीच वैतागून म्हणाली. ऊन भिंतीवरून उतरलं तरी कोणी जागचं हललं नाही. अखेर ठकूनं भूक लागल्याचं जाहीर केलं, तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

जावई एका कोपऱ्यात बसून होता. "मला कोणीतरी सांगायचं ना," एवढंच म्हणाला. मग मावशीच म्हणाली, "चूक तुमची नाही, जावईबापू. ट्रे लक्षात ठेवतोय म्हणून आम्ही सगळे विसरून बसलो होतो." पीचचे उरलेले डबे तिनं त्याच दिवशी घराबाहेर काढले. या घरात पीच पुन्हा येणार नाही.

मी ऐकत होतो. माझी मिजास त्या दिवशी उतरली. मंडळी, एक विनंती आहे. जीव ज्याच्यावर अवलंबून आहे, ते एकमेकांना तोंडानं सांगा. पुन्हा पुन्हा सांगा, कंटाळा येईस्तोवर सांगा. पत्र्याच्या भरवशावर ठेवू नका.

आज सकाळी ठकू मला घेऊन जावयापुढे उभी राहिली. "जिजू, माझा पोचा परत द्या."

"अगं, आता सगळेच केक तुला चालतील. पोचा कशाला हवा?"

"तो माझा होता," ती म्हणाली.

त्यानं मला पायरीवर ठेवलं, हातोडी उचलली आणि तसाच बसून राहिला. जन्मभर पोचे काढणारा हात, घालायला उचलेचना. शेवटी त्यानं हातोडी ठकूला दिली. तिनं दोन्ही हातांनी ती धरली, जीभ दातांत पकडली आणि डोळे मिटून घाव घातला. नेम चुकला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दुखलं का रे?" आणि हातोडी पुन्हा उचलली.

मी कोपरा पुढे केला.