मिटलेल्या डोळ्यांचा अंक

मी एक अंक आहे. चित्रकथांच्या एका जुन्या, वर्षानुवर्षं चाललेल्या मालिकेतला एक पातळ अंक. दोन पिना, गुळगुळीत मुखपृष्ठ आणि पोटात शाईचा वास. माझ्या आधीच्या अंकांचं शेवटचं पान लोक पुन्हा पुन्हा उघडून बघत. माझं शेवटचं पान मात्र एका बाईनं उघडलं आणि चटका बसल्यासारखं मिटलं.

तसं माझ्या वाट्याला काय येणार आहे, हे मला छापखान्यातच कळलं होतं. शाई ओलीच होती. पिना मारणारी बाई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, "बाई गं, हा झोपला की."

"झोपू दे. दमला असेल."

"हा दमत नाही. म्हणून तर लोक विकत घेतात."

तो म्हणजे जागता. या मालिकेचा नायक. तो उडत नाही, भिंती फोडत नाही. त्याची शक्ती एवढीच की त्याला झोप लागत नाही. पाण्याच्या उंच टाकीवर बसून तो अख्ख्या शहराकडे लक्ष ठेवतो. कुठे कडी वाजली, कुठे पाऊल चुकीच्या दारापाशी थांबलं, की हा तिथे हजर. त्याची धाकटी बहीण शिट्टी. संकट दिसलं की ती शीळ घालते. आणि प्रत्येक अंकाच्या शेवटच्या चौकटीत फक्त त्याचे दोन उघडे डोळे, खाली तीन शब्द: 'मी जागा आहे.'

माझ्या शेवटच्या चौकटीत डोळे मिटलेले आहेत. खाली एकही शब्द नाही. आणि कोपऱ्यात एक लहानशी खिडकी आहे, जिची कडी बाहेरून कुणीतरी हळूच वर उचललेली आहे. कोणी, ते मला माहीत नाही. अंकाला पुढचा अंक कधीच माहीत नसतो. ती उचललेली कडी पोटात घेऊन जगायचं, एवढंच माझ्या हातात.

मला विकत घेतलं एका मामानं. त्यानं दोन प्रती घेतल्या. एक वाचायला, एक जपायला. जपायची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन त्याच्या कपाटात गेली. माझा तो जुळा भाऊ अजून कुणी उघडलेला नाही. कधीकधी मला त्याचा हेवा वाटतो. मला मामानं आपल्या बहिणीच्या घरी नेलं.

ही बहीण चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून चौकटीत बसवते, लोकांच्या कानामागच्या काड्या वाकवून देते. दोघं भावंडं जागत्यावरच वाढली. आता तिला एक मुलगी आहे, ठकू. सगळं घर तिला ठकूच म्हणतं. ठकू नुकतीच अक्षर लावून वाचायला शिकली आहे. तिच्या खोलीला गल्लीकडे उघडणारी खिडकी आहे, तळमजल्यावर. त्या खिडकीची कडी सैल आहे. वारा आला की खटखट वाजते. ठकूच्या वडिलांना वीजकेंद्रात रात्रपाळी. "बघतो सुट्टीच्या दिवशी," असं ते कडीबद्दल म्हणतात, आणि सुट्टीच्या दिवशी बिचारे झोपतात. नवे स्क्रू पुडीतच आहेत.

त्या कडीमुळे ठकू झोपायची नाही. मग आईनं तिला जागता वाचून दाखवायला सुरुवात केली. वाचून झालं की ठकू शेवटच्या चौकटीवर तळवा ठेवायची, तो उचलून डोळे उघडे आहेत ना बघायची, आणि म्हणायची, "जागा आहे." मग कूस वळवून झोपायची. कडी वाजली तरी उठायची नाही. आई दाराशी उभी राहून तिचा श्वास ऐकायची, मग गॅस बघायची, पुढचं दार बघायची, पुन्हा एकदा गॅस बघायची आणि स्वतःलाच म्हणायची, "वेडीच आहे मी."

हे सगळं मला आईच्या पेटीतल्या जुन्या अंकांनी सांगितलं. मालिकेत बदल कधीपासून सुरू झाले, तेही त्यांनीच सांगितलं.

आधी जागत्याचा पिवळा मफलर राखाडी झाला. ठकूच्या आईनं नाक मुरडलं, संपादकाला पत्रही पाठवलं, मग समजून घेतलं. मग जुना चित्रकार गेला आणि नवा आला. जागत्याची हनुवटी एकदम दगडासारखी झाली. "हा जागता नाही, हा जाहिरातीतला माणूस आहे," ती भावाला फोनवर म्हणाली. मग तो पुलावरचा अंक आला, ज्यात जागत्याच्या डाव्या भुवईवर व्रण पडला. तो मात्र दोघांनाही आवडला. ठकूनं तर काजळानं स्वतःच्या भुवईवर काढून घेतला होता.

आणि मग शिट्टीला दुसऱ्या शहरात पाठवून दिलं. एका चौकटीत, आगगाडीच्या खिडकीतून हात हलवताना. त्या दिवशी ठकूच्या आईनं दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली.

"ताई, कागदावरची मुलगी आहे ती," मामा म्हणाला.

"मला कळतं रे. पण तिला काढलं, म्हणजे पुढे काहीतरी आहे. त्याला डुलकी लागली तर उठवणार कोण?"

"त्याला डुलकी लागत नाही."

"आजपर्यंत."

मी आलो तो या 'आजपर्यंत'च्या नंतर.

भावंडांचा एक नियम आहे. ज्यानं आधी वाचलं त्यानं दुसऱ्याला काही सांगायचं नाही. मामानं तो पाळला, पण मला तिच्या हातात देताना तो नेहमीसारखा हसला नाही. "वाच. मी काही बोलत नाही. फक्त ठकूला लगेच देऊ नकोस."

ती दुकानातून नुकतीच आली होती. एक चप्पल पायात, एक हातात. तशीच उभ्यानं तिनं मला शेवटपर्यंत वाचलं, आणि मिटलं. मग ठकूच्या खोलीत जाऊन तिनं खिडकीची कडी दाबून बघितली. ती खाली होती. तरी तिनं पुन्हा दाबली.

मला लपवणं शक्य नव्हतं. मामा आला की अंक येतो, हे ठकूला माहीत होतं. तिनं दारातूनच विचारलं होतं, "आला?"

तेव्हा तिच्या आईनं जे केलं, ते एखाद्या जुन्या चाहतीलाच सुचावं. पेटीच्या तळाशी एक मुखपृष्ठ नसलेला, कडा विरलेला अंक होता. त्याच्यावर तिनं ब्लेड चालवलं. काचा बसवणारा हात. रेघ सरळ आली. उघडे डोळे आणि खालचे तीन शब्द, अशी एक पट्टी तिनं कापून काढली. कापताना पुटपुटली, "माफ कर रे." ती पट्टी तिनं माझ्या मिटलेल्या डोळ्यांवर चिकटवली. कोपऱ्यातली खिडकी तिनं काळ्या स्केचपेननं भरून टाकली. कडी दिसेनाशी झाली. पण काळ्याखाली ती अजून वरच होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

जेवणं झाली. वाचन झालं. जागता टाकीवर एकटा बसल्याचं पान आईनं जरा घाईनंच उलटलं. ठकूनं शेवटच्या चौकटीवर तळवा ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

"आई, इथे जाड लागतंय."

"नवा कागद आहे."

ठकूनं तळवा उचलून बघितलं. डोळे उघडे होते. "जागा आहे," ती म्हणाली आणि कूस वळवली. आईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. कारण कूस वळवल्यावरही तिचं बोट पट्टीच्या कडेवरून फिरत होतं.

पुढच्या रविवारी मामा आला. ठकू मला घेऊन त्याच्या मांडीवर चढली.

"मामा, जागत्याचा व्रण गेला का?"

"छे, तो कसला जातोय? पुलाच्या अंकात पडला, आता जन्मभराचा."

"मग इथे का नाही?"

मामानं बघितलं. डाव्या भुवईवर काहीच नव्हतं. नितळ. त्याची नजर पट्टीच्या कडेवर गेली, तिथून बहिणीवर गेली. ती कपड्यांच्या घड्या घालायची थांबली होती.

"चित्रकार विसरला असेल," तो म्हणाला.

"चित्रकार व्रण विसरत नसतो. तूच म्हणाला होतास."

"ठकू, मामाला पाणी आण," आई म्हणाली.

ठकू गेली. मामा हळूच म्हणाला, "ताई, कुठल्या अंकातले लावलेस?"

"तो कव्हर नसलेला."

"तो पुलाच्या आधीचा आहे."

ती मटकन खाली बसली. हातात ठकूचा फ्रॉक तसाच. "मफलरचा रंग चुकला म्हणून संपादकाला पत्र पाठवणारी मी. आणि मला व्रण दिसला नाही."

"आपण सांगून टाकू या तिला. ती काही एवढी..."

"नको. झोपते ती. एवढी एकच गोष्ट मला धड जमली आहे."

ठकू पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिनं तो मामाला दिला. एक थेंबही सांडला नाही.

दुपारी मामा गेला. आई ओटा पुसत होती. ठकू मला घेऊन खिडकीशी गेली आणि माझं शेवटचं पान तिनं उन्हासमोर धरलं. ऊन कुणाचंच ऐकत नाही. ते माझ्यातून आरपार गेलं. उघड्या डोळ्यांच्या आतून मिटलेले डोळे वर आले. त्यातल्या डाव्या भुवईवर व्रण होता. स्केचपेनच्या काळ्यातूनही खिडकी दिसली, आणि वर उचललेली कडी.

मला वाटलं, आता रडेल. हाक मारेल. मी वाटच बघत होतो. तिनं हाक मारली नाही. पान नीट मिटलं. मग खेळण्यांच्या डब्यातून एक लाल प्लॅस्टिकची शिट्टी शोधून काढली. फार पूर्वी एका अंकाबरोबर फुकट आलेली, मामानं जपून ठेवलेली आणि तिला दिलेली. फ्रॉकला पुसून तिनं ती उशीखाली ठेवली, आणि मला तिच्याखाली.

त्या दिवसापासून रोज हेच चालतं. ठकू माझ्यावर तळवा ठेवते, मोठ्यानं म्हणते, "जागा आहे." आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग कूस वळवते, खिडकीकडे तोंड करून. आई दाराशी उभी राहून श्वास ऐकते. ठकूला आता श्वास सावकाश कसा घ्यायचा ते जमतं. आई निघून जाते. ठकू डोळे उघडते. मुठीत शिट्टी.

कडी वाजली की ती शिट्टी ओठांपर्यंत नेते. कडी थांबली की खाली आणते. मी तिच्या मानेखाली असतो. तिची मान सैल पडतच नाही.

"बघ, जमलं," आईनं भावाला फोनवर सांगितलं. "आता तर हूं की चूं करत नाही."

शाळेतल्या बाई म्हणाल्या, ठकू चित्रकलेच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपते. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. आई ते चमचा काठोकाठ भरून देते आणि आपण भाजी कमी घालतो की काय, अशी काळजी करत बसते. सकाळी तिला मुलीच्या मुठीत शिट्टी सापडते. "खेळता खेळता झोपली," असं म्हणून ती मूठ सोडवते.

परवा पुढचा अंक आला. आईनं तो पुस्तकांच्या दुकानात उभ्यानंच वाचला आणि तिथेच ठेवून रिकाम्या हातानं घरी आली. मामाचा फोन आला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हा नको आणूस इकडे. आणलास तर बघ." आवाज खाली गेला होता. त्यात काय आहे, ते मी ऐकायला कान लावून होतो. ती बोललीच नाही. कडी उचलणारा आत आला का, कुणी शीळ घातली का, जागता उठला का, काहीच कळलं नाही. मग तिनं स्क्रूची पुडी शोधली. ती हातात घेऊन खोलीत आली, पण ठकू पांघरूण घेऊन पडली होती आणि श्वास सावकाश चालला होता. आवाजानं उठेल म्हणून आई पाऊल न वाजवता परत गेली.

माझ्या कडा आता दुमडल्या आहेत. पट्टीचं एक टोक सुटायला लागलंय. मला ओरडता येत नाही, कागदाला आवाज नसतो. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कधी या घरी आलात, तर तिच्या आईला माझं शेवटचं पान एकदा उन्हासमोर धरायला सांगा. आणि तोवर, मुलीचा श्वास दारातूनच ऐकून परत फिरू नका म्हणावं. आत या. मूठ उघडून बघा.

वारा सुटलाय. कडी वाजायला लागली आहे. माझ्यातला जागता गाढ झोपलाय, आणि ठकूनं शिट्टी ओठांशी धरली आहे.