औषध नव्हे, खाणं

कोचबाईनं पिशवी टेबलावर पालथी केली आणि घरंगळत बाहेर आलेले डबे बघून कपाळाला हात लावला. पलीकडे बँकेतल्या कॅशिअरबाई ओशाळं हसत उभ्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्या वजनं उचलायला लागल्या, आणि लागल्या त्या अशा की घरी पाहुणे आले तरी जिम चुकवीनात.

"एवढं सगळं घ्यायला कुणी सांगितलं?"

"मोबाइलवर एक मुलगा सांगतो. फार गोड बोलतो हो."

"बोलणारच. विकायचंय त्याला."

चरबी जाळणाऱ्या गोळ्या तिनं सरळ कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. व्यायामाआधी प्यायची लालभडक पूड बाजूला सारली. "ही नुसती महागडी कॉफी. त्यापेक्षा कॉफीच प्या." अमिनो ॲसिडचा डबाही तिकडेच गेला, जेवण नीट असेल तर त्याचं काही काम नसतं. प्रोटीनची पावडर तिनं ठेवून घेतली. "ज्या दिवशी जेवण कमी पडेल त्या दिवशी. जेवणाऐवजी नाही, कळलं?" शेवटी एक छोटा पांढरा डबा उरला. "हे क्रिएटिन मात्र कामाचं. मीही घेते, रोज एक छोटा चमचा."

एरवी हे सांगताना तिला चेव यायचा. आज ती पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी बोलत होती. तिच्या दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दीड वर्षापासून तो डायलिसिसवर होता. वहिनीची किडनी जुळली नाही. हिची जुळेल असं कळलं तेव्हा ही अख्ख्या जिमला सांगत सुटली. मग मागच्या आठवड्यात तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचं काम ज्यावरून कळतं ते क्रिएटिनिन वाढलेलं. "तुमच्याच किडनीवर ताण दिसतोय, तुमची घेणं कठीण आहे," असं हॉस्पिटलमधून सांगितलं, आणि शंभर किलोचा बार जमिनीवरून उचलणारी ही बाई पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून ढसाढसा रडली.

"पण कोचबाई," कॅशिअरबाईंनी डबा हातात घेऊन विचारलं, "यानं किडनी खराब होते म्हणतात ना?"

प्रश्न नेहमीचा होता आणि उत्तरही.

"धडधाकट माणसाची नाही होत. रक्तातला आकडा तेवढा वाढलेला दिसतो, कारण अंगात गेलं की याचंच पुढे ते क्रिएटिनिन बनतं. म्हणून तपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, मी हे घेते म्हणून. नाहीतर ते उगाच घाबरतात आणि..."

पुढचं वाक्य आलंच नाही. ती मटकन बाकावर बसली.

"काय झालं हो?"

"काही नाही. मी एक नंबरची गाढव आहे, एवढंच."

रक्त घेताना नर्सनं तिला विचारलं होतं, कुठलं औषध चालू आहे का. तिनं तोऱ्यात सांगितलं होतं, छे, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. खोटं बोलली नव्हती बिचारी. इतकी वर्षं ती जिममधल्या प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडत आली होती की हे औषध नाही, खाणं आहे. ओरडून ओरडून ते तिच्या स्वतःच्याच हाडीमाशी मुरलं होतं. आणि आपण काय खातो हे नर्सला कोण सांगत बसतं? त्यातून त्या दिवशी मन थाऱ्यावर राहावं म्हणून सकाळी भरपूर वजनही उचलून गेली होती.

दुसऱ्याच दिवशी ती हॉस्पिटलमध्ये गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. स्नायूंमुळे फसत नाही अशी एक वेगळी तपासणी त्यांनी करून घेतली. ती चांगली आली.

"महिनाभर क्रिएटिनची पावडर बंद, वजनंही बंद. मग सगळं पुन्हा तपासू. आज शब्द देत नाही, पण मला काळजी वाटत नाहीये."

तिथून ती तडक दादाच्या घरी गेली. दादा खिडकीशी बसून कुणाचा तरी टेबलफॅन दुरुस्त करत होता. आताशा तेवढंच काम त्याला झेपायचं. तिनं चपलाही न काढता एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनी पदरात तोंड लपवून रडायला लागली. दादानं मात्र मान वर केली नाही. घट्ट बसलेला स्क्रू तो पिळतच राहिला.

"दादा, ऐकलंस का?"

"ऐकलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. याला आनंद नाही झाला, ते एक वेळ समजता आलं असतं. पण याला नवलही वाटलं नव्हतं. याच घरात ती कितीदा ग्लासात पावडर ढवळायची आणि हा 'बुटकीचा चुना' म्हणून चिडवायचा.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

दादानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"डायलिसिसचा टेक्निशियन वजनं उचलतो. तुझा रिपोर्ट आला तेव्हा त्याला विचारलं मी. तो म्हणाला, पावडर घेत असेल तर असं दिसतं."

"अहो, आणि मलाही नाही सांगितलंत?" वहिनी म्हणाली.

"तुझं घर मोडलं," दादा बहिणीलाच म्हणाला, "तेव्हा तू पलंगावरून उठत नव्हतीस. हाताला धरून मी तुला त्या जिममध्ये नेलं. रिकामा बारसुद्धा उचलवत नव्हता तुला. आज लोक तुला कोच म्हणतात. तुझं स्वतःचं असं तेवढंच आहे, बुटके. तेच मी कापून मागू?"

कोचबाईला राग आला, अगदी मनापासून.

"तू कुठे मागतोयस? मी देतेय. किडनी दिल्यावर काही महिन्यांनी हळूहळू उचलता येईल, असं डॉक्टर म्हणालेत. आणि नाहीच आलं, तर दुसऱ्यांना शिकवीन. लोखंड काय, कुठेही मिळतं. मला भाऊ हवाय."

दादानं पंख्याचं पातं बोटानं फिरवून पाहिलं. वहिनी डोळे पुसून आत गेली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज कमी होत होत विरला.

"महिनाभर काहीच उचलायचं नाही म्हणाले?"

"जड काही नाही. पिशवीसुद्धा जपून."

"जमेल?"

"वेड लागेल मला."

दादा भिंतीला धरून उठला. तोल सावरेपर्यंत थांबला. ती धरायला पुढे झाली, तसा त्यानं हातानंच नको म्हटलं.

"उद्या सकाळी सहाला ये," तो म्हणाला. "मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, त्यातच अर्धा तास जातो. हळू कसं चालायचं ते शिकवतो तुला. आणि महिन्यानं तुझा तो आकडा खाली आला नाही ना, तर गाठ माझ्याशी आहे."