अक्षसंकोच

आमोदने पडद्यावर आलेख लावला आणि भाग्यश्री मॅडमचा चेहरा उतरला. दोन स्तंभ होते. कर्वेनगरचा निळा, पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला. धायरीचा लालभडक, त्याच्या गुडघ्याएवढा.

"आकडे बोलतात," आमोद म्हणाला.

आकडे मी काढून दिले होते. कर्वेनगरची हजेरी ब्याण्णव टक्के, धायरीची त्र्याऐंशी. ते असं काहीही बोलत नव्हते.

आमची संस्था दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचे दोन मोफत अभ्यासवर्ग चालवते, एक कर्वेनगरला, एक धायरीला. संख्याशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी इथे माहितीचं काम बघायला लागले. आमोद माझा वरिष्ठ, आयटीतून आलेला. त्या दिवशी शनिवार पेठेतल्या कार्यालयात विश्वस्तांची बैठक होती आणि विषय एकच होता : धायरीचा वर्ग बंद करून मुलांना कर्वेनगरला पाठवायचं का. धायरीला भाग्यश्री मॅडम शिकवतात. त्या मूळच्या यवतमाळच्या, आणि त्यांच्या वर्गातली निम्मी घरंही तिकडून कारखान्यांत कामाला आलेली.

"मुली नाही येणार हो इतक्या लांब," त्या म्हणाल्या. "अंधार पडल्यावर दोन बस बदलून कोण पाठवतं मुलीला? त्यांचं शिकणं तिथंच थांबते."

"मॅडम, इमोशन समजतं मला," आमोद म्हणाला. "पण डेटा बघा ना. डिफरन्स केवढा आहे!"

अध्यक्ष अनंतराव, बँकेतून निवृत्त झालेले, चष्मा वर करून पडद्याकडे बघत होते. "फरक आहे खरा," ते म्हणाले, आणि बाकीच्या माना हलल्या.

माझे कान तापले. मी स्तंभांच्या तळाशी बघितलं. अक्ष शून्यापासून सुरूच होत नव्हता. तो ऐंशीपासून सुरू होत होता, आणि तेही इतक्या बारीक, करड्या अक्षरांत, की पहिल्या खुर्चीतल्या माणसालाही वाचता येऊ नये.

"सर, यात संकोच कुठे आहे?" मी विचारलं.

"अगं, संकोच कसला?" आमोद हसला. "बिनधास्त बोल. आपलीच माणसं आहेत."

अनंतराव खोकले. ते खोकणं नव्हतं, हसू होतं. "आमोद, तुम्ही इंग्रजी माध्यमाचे ना? ती अक्षसंकोचाच्या चिन्हाबद्दल विचारतेय. अक्षाचा खालचा भाग गाळला, की तिथे एक वाकडंतिकडं वळण काढायचं. आम्ही नाही काढलं तर मास्तर अख्खं गणित कापायचे."

"काका, ते सॉफ्टवेअर आपोआप करतं. मी काही मुद्दाम..."

"लालही आपोआपच झाला का?" मी विचारलं.

मी उठून पडद्याजवळ गेले आणि स्तंभांवरचे आकडे तळव्यांनी झाकले. "आता कोणीही सांगा. धायरी कर्वेनगरच्या किती पट दिसते?"

"पाव," अनंतराव म्हणाले.

मी हात काढले. "त्र्याऐंशी हे ब्याण्णवच्या पाव आहेत का?"

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना भजन वाजवत होती.

"स्तंभ बघताना डोळा लांबी मोजतो," मी म्हटलं. आवाज चढला होता, पण मी तो खाली आणला नाही. "आकडा तो नंतर वाचतो, वाचलाच तर. ऐंशीपर्यंतची लांबी कापून टाकली, की उरलेला तुकडाच डोळ्याला अख्खा वाटतो. स्तंभ शून्यापासूनच काढायचा असतो. आणि मी तीन वर्षांची हजेरी दिली होती. इथे एकाच वर्षाची का आहे?"

"सिम्पल ठेवायचं होतं," आमोद म्हणाला.

मी फळ्यावर दोन रेषा काढल्या. कर्वेनगर : त्र्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव. जवळजवळ सपाट. धायरी : एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी. ती चढत होती.

आमोदने लगेच बोट दाखवलं. "एक मिनिट! तूही साठपासून सुरू केलंस. तूही शून्य कापलंस!"

"कापलं. रेषेत डोळा चढ बघतो, लांबी नाही, म्हणून चालतं. तरीही सांगून कापलं." मी अक्षाच्या तळाशी काढलेल्या वळणावर खडू आपटला. मगाशीच मी ते चांगलं वीतभर मोठं काढलं होतं.

अनंतराव उठून फळ्यापाशी आले. मग भाग्यश्री मॅडमकडे वळले. "अहो, एकाहत्तरवरून त्र्याऐंशी. हे केलंत कसं?"

"जी मुलगी नाही आली तिच्या घरी जाते मी," त्या म्हणाल्या. "वर्ग घराजवळ आहे म्हणून जाता येते."

"म्हणजे जो वर्ग चढतोय तो आपण बंद करणार होतो, आणि जो आहे तिथेच आहे त्यात नेऊन घालणार होतो." अनंतरावांनी बाकीच्यांकडे बघितलं. "कोणाला अजून बंद करायचाय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मघाशी हलणाऱ्या माना त्याच होत्या, आणि याचाच मला जास्त राग आला. आकडे तेव्हाही तेच होते.

"धायरी सुरू राहील," अनंतराव म्हणाले. "आणि आमोद, तो लाल स्तंभ अहवालात छापू नका. वर्गाला ताप आलाय असं देणगीदारांना वाटेल."

जिन्यात आमोदने मला गाठलं. "अवनी, सगळ्यांसमोर इतकं चिडायची गरज होती का? ग्राफच तर होता."

खाली भाग्यश्री मॅडम फोनवर कोणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या, "हो गं, उद्या वर्ग आहे. भूमितीची वही आण."

"हो," मी म्हटलं. "ग्राफच होता. त्याच्यावरच तर वर्ग बंद होणार होता."